बँडविड्थ वाढली, तरी विलंब का उरतो?

इंटरनेट जोडणीच्या जाहिरातीत एकच आकडा ठळक छापलेला असतो: १०० एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद), ३०० एमबीपीएस, आणि आता तर एक जीबीपीएसही. हा आकडा बँडविड्थचा असतो, म्हणजे एका सेकंदात जोडणीतून जास्तीत जास्त किती बिट जाऊ शकतात, एवढेच तो सांगतो. फाइलचा आकार आपण बाइटमध्ये मोजतो आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा एमबी उतरतात आणि एक जीबीची फाइल यायला सुमारे ८० सेकंद लागतात. हा हिशेब ठाऊक नसल्याने अनेक ग्राहकांना आपली फसवणूक झाली असे वाटते.

पण व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा आवाज मागे पडतो किंवा संकेतस्थळ उघडताना पडदा क्षणभर कोराच राहतो, तेव्हा कारण बहुधा वेगळेच असते. ते म्हणजे लेटन्सी, अर्थात विलंब: आपल्याकडून निघालेली माहिती पलीकडे पोहोचून उत्तर परत येईपर्यंत लागणारा वेळ. मुंबईहून पुण्याला तासाला एका एसटीऐवजी दहा एसटी सोडल्या, तर प्रवासी दहापट जातील. मात्र त्यातल्या कोणत्याही प्रवाशाचा प्रवास त्यामुळे मिनिटानेही कमी होणार नाही. बँडविड्थ आणि विलंब यांचे नाते असे आहे, आणि ग्राहकाला यातली एकच बाजू सांगितली जाते, हे मला अन्यायाचे वाटते. सरकारी व्याख्याही याला अपवाद नाही. भारतात २०२३ पासून किमान दोन एमबीपीएस डाउनलोड क्षमतेच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणतात. त्या व्याख्येत विलंबाची मर्यादा नाही.

विलंबाचा काही भाग निसर्गनियमानेच ठरतो. पोकळीत प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, पण ऑप्टिकल फायबरच्या काचेतून तो सुमारे दोन लाख किलोमीटरच जातो. मुंबई ते लंडन हे सरळ अंतर अंदाजे ७,२०० किलोमीटर आहे. म्हणजे काच अगदी सरळ रेषेत टाकली, तरी जायला ३६ आणि यायला ३६ असे ७२ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात मुंबईच्या किनाऱ्यावरून निघालेल्या केबली अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त आणि भूमध्य समुद्र असा वळसा घेतात, वाटेतली यंत्रेही थोडा वेळ घेतात, आणि फेरी शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जाते. भूस्थिर उपग्रह तर विषुववृत्तापासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. त्याच्यामार्फत प्रश्न पाठवून उत्तर मिळवायचे, तर ते अंतर चार वेळा कापावे लागते आणि जवळपास अर्धा सेकंद केवळ प्रवासात जातो. सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणाऱ्या स्टारलिंकच्या उपग्रहांना हा भार नाही, कारण ते जवळ आहेत.

शिवाय एक पान उघडायला एकच फेरी पुरत नाही. आधी दोन संगणकांमध्ये टीसीपी या देवाणघेवाणीच्या नियमांनुसार जोडणी व्हावी लागते, मग सांकेतिक भाषेची चावी ठरते, आणि त्यानंतर पानाची मागणी जाते. चावी ठरवण्याच्या जुन्या पद्धतीत दोन फेऱ्या होत. २०१८ मध्ये आलेल्या टीएलएस १.३ या नव्या पद्धतीत ती एका फेरीत ठरते. तरीही लंडनमधल्या सर्व्हरवरून पहिले अक्षर येईपर्यंत अशा तीन फेऱ्या होतात. म्हणूनच मोठ्या सेवा आपल्या चित्रांच्या आणि चित्रफितींच्या प्रती मुंबई, चेन्नईसारख्या शहरांत ठेवतात. प्रकाशाचा वेग वाढवता येत नाही, पण अंतर कमी करता येते.

विलंब मोजण्याचे साधन प्रत्येक संगणकात असते. माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिलेला पिंग हा छोटा प्रोग्राम एक लहानसे पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, पाठवतो आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगतो. विंडोजच्या कमांड खिडकीत पिंग हा शब्द आणि पुढे एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता टाइप केला की, एकाखाली एक चार ओळी उमटतात. त्यात ५, ५, ६, ५ असे आकडे आले तर जोडणी स्थिर आहे. ५, ४८, ९, ७० असे आले तर सरासरीपेक्षा तो चढउतारच त्रासदायक ठरतो. त्याला जिटर म्हणतात, आणि कॉलमधला आवाज तुटतो तो बऱ्याचदा त्यामुळे.

आता त्याच वायफायवरून मोठा व्हिडिओ अपलोड करायला लावून पुन्हा पिंग करून पाहावे. अनेक घरांत पाचचा आकडा काही शेंवर जातो. राउटरमध्ये पॅकेटे थांबवून ठेवायला बफर नावाची जागा असते; अपलोडने ती भरली की कॉलचे इवलेसे पॅकेटही त्या रांगेत मागे उभे राहते. संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दोषाकडे लक्ष वेधले आणि त्याला बफरब्लोट हे नाव दिले.

गर्दीचा प्रश्न मात्र जुनाच आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे बर्कली विद्यापीठ यांच्यातल्या अवघ्या ४०० यार्डांच्या दुव्यावर वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. पॅकेटे हरवत होती, संगणक ती पुन्हा पुन्हा पाठवत होते आणि गर्दी आणखी वाढत होती. संगणकतज्ज्ञ व्हॅन जेकबसन यांनी शोधलेला उपाय म्हणजे पॅकेट हरवले की पाठवण्याचा वेग आपणहून उतरवायचा. आजचे टीसीपी त्याच तत्त्वावर उभे आहे. परंतु बफर फार मोठे असले, तर पॅकेट हरवतच नाही, नुसते अडकून राहते, आणि पाठवणाऱ्याला गर्दीचा सुगावा उशिरा लागतो. म्हणून कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही पद्धत मांडली. तीत रांगेची लांबी न पाहता पॅकेट रांगेत किती वेळ थांबले ते पाहिले जाते, आणि ही प्रतीक्षा सतत लांबत राहिली तर काही पॅकेटे मुद्दाम टाकून दिली जातात. काही राउटरांत ही सोय एसक्यूएम नावाने मिळते. ती सुरू करून अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष क्षमतेच्या थोडी खाली ठेवली, तर अपलोड किंचित मंदावते, पण पिंगचा आकडा बराच खाली राहतो आणि कॉलवरचे बोलणे वेळेवर ऐकू येते.