बँडविड्थची वाटणी: 'न्याय्य' म्हणजे कोणाला किती?

ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन संस्थांमधला डेटाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. दोन्हींत अंतर जेमतेम ४०० यार्ड. उशीर झालेली पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) हरवलीच असे धरून यंत्रे ती पुन्हा पाठवत होती आणि कोंडी वाढत होती. १९८८ मध्ये तोडगा निघाला: वेग थोडाथोडा वाढवायचा, पॅकेट गळले की निम्म्यावर आणायचा.

या नियमामुळे एकाच लाइनची बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहण्याची क्षमता, वाटून घेणारी सारख्या अंतराची कनेक्शने (दोन यंत्रांमधली एकेक देवाणघेवाण) हळूहळू सारख्या वेगावर येतात. यालाच 'न्याय्य वाटणी' म्हटले जाऊ लागले, आणि घोळ इथेच आहे. वाटणी होते ती कनेक्शनमागे, माणसामागे नव्हे. एका वेळी एकच फाइल पाठवली जायची तेव्हा हा फरक जाणवत नव्हता. पुढे ब्राउझर एकाच साइटला अनेक कनेक्शने जोडू लागले, फाइली वाटून घेणारे टोरंट डझनावारी. एक कनेक्शन उघडणाऱ्याच्या शेजारी वीस उघडणारा बसला, तर त्याला वीसपट वाटा मिळतो, तोही नियम पाळून. शिवाय लांबच्या सर्व्हरशी बोलणाऱ्याला जवळच्यापेक्षा कमी मिळते. २००७ मध्ये या व्याख्येवर उघड हल्ला झाला: वेग मोजू नका, कोण किती कोंडी करतो ते मोजा. राउटरला, म्हणजे पॅकेट पुढे धाडणाऱ्या यंत्राला, पत्ता दिसतो, माणूस दिसत नाही, मग हिशेब कोणाच्या नावावर लिहायचा, हा त्यावरचा आक्षेप. अडचण खरी आहे, पण म्हणून कनेक्शन मोजणे न्याय्य ठरत नाही.

दरम्यान मेमरी स्वस्त झाली आणि राउटरांमध्ये मोठाले बफर (पॅकेट थांबवून ठेवायच्या जागा) आले. पॅकेट गळेनात, नुसती ताटकळू लागली. गळती हीच कोंडीची खूण असल्याने पाठवणाऱ्याला खबर लागायची तोवर इंटरनेटवरचे बोलणे तुटक झालेले असे. २०१२ मध्ये रांगेची लांबी सोडून पॅकेटने रांगेत काढलेला वेळ मोजणारी पद्धत आली. सुमारे ५ मिलिसेकंदांहून जास्त थांबणे सतत होत राहिले, की पॅकेट टाकून द्यायची. पुढे तिला प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळ्या रांगेची जोड मिळाली, म्हणजे मोजमाप पुन्हा तेच, कनेक्शनमागे.

२०१६ मध्ये गळतीकडे न पाहता बँडविड्थ आणि फेरीचा वेळ (पॅकेट जाऊन पोच परत येईपर्यंतचा) मोजणारी पद्धत आली. तिची पहिली आवृत्ती लहान बफरवर जुन्या नियमाने चालणाऱ्या कनेक्शनांना रेटून बाजूला सारायची. २०२३ मध्ये कमी विलंबाच्या वाहतुकीला वेगळी रांग देणारी प्रायोगिक मानके निघाली. कोंडीची खबर देण्यासाठी प्रत्येक पॅकेटवर दोन बिट राखलेले असतात; त्यांतला एक संकेत कशासाठी वापरायचा, यावर त्याआधी वर्षानुवर्षे भांडण चालले. दोन रांगांचा मेळ घालताना मात्र समानता कनेक्शनमागेच धरली गेली.