श्वसनयामिकी : व्हेंटिलेटरवरील नवजात बाळांची

हवा आत जायला किती दाब लागतो, त्या दाबाने फुप्फुस किती फुगते आणि वाटेत हवेला किती अडथळा होतो, याचे मोजमाप म्हणजे श्वसनयामिकी. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाचे फुप्फुस १ सेंमी पाण्याच्या दाबाला सुमारे ३ ते ५ मिलि फुगते. याला फुप्फुसाची प्रसरणशीलता म्हणतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळात सर्फॅक्टंट (वायुकोश मिटू न देणारा फुप्फुसातला स्राव) कमी असल्याने ती १ मिलिच्याही खाली जाऊ शकते. अशा बाळांना होणाऱ्या श्वसनत्रासाच्या आजाराचे कारण सर्फॅक्टंटची उणीव हेच असल्याचे एव्हरी आणि मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले. अशा बाळाच्या बरगड्याही मऊ असतात. छातीची भिंत फुप्फुसाला ताणून धरत नाही, त्यामुळे उच्छ्वासाच्या शेवटी वायुकोश मिटतात. म्हणूनच व्हेंटिलेटरवर उच्छ्वासाअखेरही थोडा दाब कायम ठेवतात.

अडथळ्यात मोठा वाटा श्वासनलिकेत घातलेल्या नळीचा असतो. तिचा आतला व्यास जेमतेम २.५ ते ३.५ मिमी. प्रवाह संथ असेल तर अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे स्रावाचा पातळसा थरही भोवतो. अडथळा अचानक वाढला तर आधी नळी पाहावी, फुप्फुस नंतर.

प्रसरणशीलता आणि अडथळा यांचा गुणाकार म्हणजे कालस्थिरांक. खाटेशेजारी सर्वांत उपयोगी पडतो तो हाच. तेवढ्या वेळात सुमारे ६३ टक्के हवा बाहेर पडते, तिप्पट वेळात ९५ टक्के. ताठर फुप्फुसात प्रसरणशीलता १ सेंमी पाण्याच्या दाबाला ०.००१ लिटर आणि अडथळा ६० (सेकंदाला १ लिटर प्रवाहासाठी लागणारा दाब, सेंमी पाण्यात) धरला, तर कालस्थिरांक ०.०६ सेकंद येतो; ०.२ सेकंदात फुप्फुस जवळजवळ रिकामे होते. त्यामुळे असे बाळ मिनिटाला ६० श्वासही सोसते. गर्भमल (पोटातच केलेली पहिली शी) श्वासात गेलेल्या बाळात ०.००२ आणि १५० धरले, तर तो ०.३ सेकंद होतो. तिप्पट म्हणजे ०.९. त्याच ६० च्या गतीत श्वास आत घेण्याला ०.३५ सेकंद दिले, तर बाहेर पडायला ०.६५ उरतात. हवा आत अडकत जाते. कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून गती आणखी वाढवणे ही इथली नेहमीची घोडचूक.

सर्फॅक्टंट दिल्यावर प्रसरणशीलता सुधारते, कधी फार झपाट्याने. यंत्राचा दाब मात्र तोच राहिला तर दर श्वासाचे आकारमान वाढते आणि फुप्फुस फाटून हवा छातीच्या पोकळीत शिरू शकते. दर श्वासाचे साधारण लक्ष्य वजनाच्या दर किलोला ४ ते ६ मिलि. आकारमान ठरवून दिले तर यंत्र दाब आपोआप उतरवते. दाब-आकारमान आलेखाचे वरचे टोक चोचीसारखे चपटे झाले, तर समजावे की दाब वाढतो आहे पण हवा वाढत नाही.

पडद्यावरच्या आकड्यांवर मात्र डोळे झाकून विसंबता येत नाही. नवजातांची नळी बहुधा बिनफुग्याची असते आणि तिच्या कडेने हवा गळते. म्हणून आत गेलेल्या हवेपेक्षा बाहेर आलेली हवा धरतात, आणि तीही नळीच्या तोंडाशी बसवलेल्या संवेदकाने मोजलेली. यंत्राच्या टोकाशी मोजले तर लवचिक नळ्यांत दाबली गेलेली हवाही हिशेबात येते. एक किलोच्या बाळाच्या ५ मिलि श्वासात तो फरक क्षुल्लक नसतो. गळती मोठी असेल किंवा बाळ स्वतः जोर लावून श्वास घेत असेल, तर यंत्राने काढलेली प्रसरणशीलता आणि अडथळा दोन्ही बाजूला ठेवून छातीची हालचाल आणि रक्तातील वायूंची तपासणी पाहिलेली बरी.