अर्ली स्पायडर ऑर्किडचे संवर्धन

चुनखडीच्या उघड्या, गवताळ उतारांवर वाढणारी ऑर्किडची एक जाती (शास्त्रीय नाव ऑफ्रिस स्फेगोडीस). युरोप खंडात ती बऱ्याच ठिकाणी आहे. इंग्लंडमध्ये मात्र मुख्यतः केंट, ससेक्स आणि डॉर्सेट या दक्षिणेकडच्या परगण्यांतच उरली आहे. झाडाच्या फांदीवर वाढणारी ही ऑर्किड नव्हे. कास पठारावरच्या हबेनारियासारखी ती जमिनीतल्या कंदावर जगते. पण हबेनारिया पावसाळ्यात उगवते, तर हिची पाने शरदात येतात, हिवाळाभर जमिनीला चिकटून हिरवी राहतात आणि फुले-फळे झाली की उन्हाळ्यात सुकतात. एप्रिल-मे महिन्यांत साधारण ५ ते २० सेंमी. उंचीच्या दांड्यावर मोजकी फुले येतात. फुलाची खालची मोठी पाकळी तपकिरी, मखमली, त्यावर इंग्रजी ‘एच’सारखी निळसर खूण.

फुलात मध नसतो. अँड्रीना निग्रोएनिया या एकट्या राहणाऱ्या मधमाशीच्या मादीसारखा गंध सोडून फूल नराला फसवते. या फसवणुकीत इंग्लंडमध्ये थोड्याच फुलांची बोंडे धरतात. एका बोंडात धुळीसारखे हजारो बी असले, तरी त्यात अन्नसाठा नसतो. मातीतली योग्य बुरशी भेटली तरच ते रुजते. जमीन नांगरली किंवा तिला खत घातले की ही घडी मोडते, शिवाय जोमदार गवत ऑर्किडला झाकून टाकते.

संवर्धनाची सगळी मदार चराईच्या वेळापत्रकावर आहे. ब्रायटनजवळच्या कॅसल हिल येथे वनस्पतींचे अभ्यासक मायकेल हचिंग्ज यांनी १९७५ पासून तीन दशके रोपागणिक नोंदी ठेवल्या. आधी तिथे गुरे चरत आणि ऑर्किडची वस्ती घटत होती. १९८० मध्ये गुरांच्या जागी मेंढ्या आल्या आणि संख्या वाढू लागली. गुरे भरड गवत चांगले खातात, पण ओल्या उतारावर त्यांच्या खुरांखाली पानांचे गुच्छ तुडवले जातात. मेंढ्याही बारमाही नकोत : दांडे वर येण्याआधी त्यांना हलवावे आणि जुलैत बोंडे फुटून बी उडेपर्यंत परत आणू नये. मेमध्ये सोडलेला कळप आठवडाभरात वर्षाचे बी फस्त करू शकतो. चराई अजिबात थांबवली तर टॉर-ग्रास हे भरड गवत आणि हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न ही काटेरी झुडपे माजतात. १९५३ नंतर मिक्सोमॅटोसिस रोगाने ससे मेले तेव्हा अनेक उतारांवर हेच झाले. झुडपे हिवाळ्यात तोडावीत आणि तोडलेला पाला उचलून न्यावा. तिथेच कुजू दिला तर त्याचे खतच होते.

रोपांचे अर्धायुष्य (निम्मी रोपे मरायला लागणारा काळ) जेमतेम दीड ते सव्वादोन वर्षे असते. त्यामुळे बी न धरलेली लागोपाठ दोन-तीन वर्षे महागात पडतात. काही कंद एखाद-दोन वर्षे वर न येता जमिनीतच राहतात. म्हणून गणनेत पक्क्या खुंट्यांपासून अंतर मोजून प्रत्येक रोपाची जागा नोंदवावी आणि एका वर्षी न दिसलेले रोप लगेच मेलेले धरू नये.

मोकळी, निकस जमीन मिळाली की ही जाती आपणहून येते. इंग्लंड आणि फ्रान्सला समुद्राखालून जोडणाऱ्या चॅनेल बोगद्यातून निघालेल्या ४९ लाख घनमीटर खडूमिश्रित मातीच्या भरावातून डोव्हरजवळ सॅमफायर हो हा परिसर तयार झाला. तिथे १९९८ मध्ये ६७ रोपे दिसली, पुढे ती हजारोंवर गेली.

नवी अडचण वेळेची आहे. वसंतातले तापमान १ अंश सेल्सियसने वाढले की फूल सुमारे ६ दिवस आधी फुलते, नर मधमाशी ९ दिवस आणि मादी १५ दिवस आधी बाहेर पडते. खऱ्या माद्या आधीच हजर असल्या की नर फुलाकडे फारसा फिरकत नाही.

छोट्या वस्तीत मग हाताने परागण करता येते. काडीचे टोक फुलातल्या चिकट चकत्यांना लावले की परागपुंज काडीला चिकटून येतात. पुंजांचे बारीक देठ वाकून ते पुढे झुकेपर्यंत थांबावे, मग दुसऱ्या रोपाच्या फुलातल्या ओलसर कुक्षीवर (पराग स्वीकारणाऱ्या भागावर) टेकवावे. दांड्यावर सशांपासून जाळीचा पिंजरा ठेवल्यास त्याची भोके मधमाशी जाण्याइतकी मोठी हवीत, आणि बी उडाल्यावर पिंजरा काढावा, नाहीतर आत गवत माजते. ही वनस्पती ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण क्षेत्र कायद्याच्या आठव्या परिशिष्टात आहे. परवान्याविना ती खुडणे किंवा उपटणे गुन्हा ठरतो.