ऊन आणि साधे पाणी
जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की ‘भरपूर साधे पाणी प्या, ऊन बाधणार नाही’ असे हमखास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. पेशी पाणी स्वतः खेचत नाहीत. पेशीपटलातील ॲक्वापोरिन प्रथिनांच्या सूक्ष्म वाटांनी, ज्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ मध्ये नोबेल मिळाले, क्षारांचे प्रमाण जिकडे अधिक तिकडे पाणी आपोआप जाते. म्हणून केळीच्या बागेत दिवसभर घाम गाळणाऱ्याने मिठाशिवाय नुसते पाणीच अतोनात प्यायले, तर रक्तातील सोडियम उतरून पाणी पेशींत शिरते व त्या फुगतात. कवटीत बंदिस्त असलेल्या मेंदूला ही सूज सोसत नाही आणि डोकेदुखी, उलट्या, प्रसंगी झटकेही येतात. आतड्यात मीठ व साखर जोडीने शोषली जातात, पाणी त्यांच्यामागे जाते. ओआरएसचा, म्हणजे मीठ-साखर घातलेल्या पाण्याचा, गुण तो हाच.