धंद्याची बोट आणि धंद्याच्या नावावरची बोट

दिवाळीनंतर ओळखीतले एक उद्योजक आयकराच्या हिशेबासाठी वर्षाची फाइल घेऊन माझ्याकडे आले. भोसरीला त्यांचं छोटं वर्कशॉप आहे, सीएनसी मशिनवर सुटे भाग करून देतात. फाइलमध्ये कटिंग ऑइल, इन्सर्ट, वीजबिल, मजुरी असे नेहमीचे कागद होते. त्यांच्याखाली मात्र एक वेगळंच बिल निघालं : सोळा फुटी फायबरची बोट, मागे बसवायची पेट्रोल मोटर, ट्रेलर, आठ लाइफ जॅकेट. बिलावर फर्मचं नाव, फर्मचा जीएसटी नंबर.

"काका, बिल फर्मच्या नावावर घेतलंय. म्हणजे खर्च फर्मचाच धरायचा ना?"

हा प्रश्न पुण्यात आता वारंवार कानावर येतो. खडकवासला, पानशेत, मुळशी, पवना, एवढं पाणी तासा-दीड तासावर आहे. ज्यांचा हात थोडा मोकळा झालाय ते अलिबाग-मांडव्यापर्यंत जातात. बोटीची हौस वाईट नाहीच. गोंधळ होतो तो एवढ्यावरून, की धंद्याची बोट आणि धंद्याच्या नावावरची बोट या दोन्हींचं बिल हुबेहूब सारखं दिसतं. आयकर खातं मात्र बिलाच्या वरच्या ओळीवर थांबत नाही. बोट पाण्यात उतरल्यावर तिने कोणाचं काम केलं, हे ते विचारतं.

त्यातून आमच्या या उद्योजकांची फर्म म्हणजे एकट्याची मालकी. कायद्याच्या नजरेत अशी फर्म आणि तिचा मालक वेगळे नसतातच, फर्मचं नाव हे मालकाचंच दुसरं नाव. त्यामुळे बिल फर्मच्या नावावर घेतलं याने काहीच सिद्ध होत नाही.

कसोटी आहे १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३७ मध्ये. खर्च संपूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला हवा, वैयक्तिक नको आणि भांडवली, म्हणजे टिकाऊ मालमत्ता घेण्याचा, नको. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत, ही कसोटी तीच आहे. तिच्यात 'आवश्यक' हा शब्द नाही, हे लक्षात घ्या. १९६१ च्या विधेयकात तो होता, लोकांनी विरोध केला म्हणून काढला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ससून जे. डेव्हिड कंपनीच्या खटल्यात हा इतिहास सांगून स्पष्ट केलं, की व्यापाऱ्याने आपणहून, गरज नसतानाही खर्च केला तरी चालेल, तो धंद्यासाठी केलेला असला म्हणजे झालं. म्हणून "वर्कशॉपवाल्याला बोट कशाला हवी?" एवढ्यावरून अधिकारी खर्च नाकारू शकत नाही. पण "ती धंद्यासाठी कशी वापरली?" या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं, आणि ते कागदावर द्यावं लागतं.

आता दुसरी बोट बघा. धरणाकाठी रीतसर परवानगी घेऊन पर्यटकांना फेरी मारून आणणाऱ्या एका तरुणाची. त्याच्याकडची वही मी हातात घेतली होती. साधी शंभर पानी वही, कडा पाण्याने फुगलेल्या, पानांवर पेट्रोलच्या बोटांचे ठसे. प्रत्येक ओळीत तारीख, बोट निघाल्याची आणि परतल्याची वेळ, माणसं किती, तिकीट कुठून कुठपर्यंतच्या नंबराचं, पेट्रोल किती लिटर भरलं. मधेच एक ओळ होती : 'घरची मंडळी, फेरी १, तिकीट नाही.' त्या ओळीसाठी मला त्या पोराला शाबासकी द्यावीशी वाटली. घरच्यांची एक फेरी त्याने प्रामाणिकपणे वेगळी दाखवली, म्हणून बाकीच्या सगळ्या ओळींवर विश्वास बसतो.

ही धंद्याची बोट. तिचं पेट्रोल, विमा, चालकाचा पगार, इंजिनची दुरुस्ती हे सगळं नफा-तोटा पत्रकात खर्ची पडतं. बोटीची किंमत मात्र एकदम खर्चात टाकता येत नाही, तिच्यावर घसारा, म्हणजे वापराने घटणाऱ्या किमतीची वजावट, मिळतो, दर वर्षी २० टक्के. घसाऱ्याच्या तक्त्यात स्पीडबोटीची व्याख्याही आहे : स्थिर पाण्यात ताशी २४ किलोमीटरच्या वर जाणारी, आणि वेग घेतला की जिचं नाक पाण्याबाहेर उचललं जातं अशी. कायद्याच्या पुस्तकात इतकं डोळ्यांपुढे उभं राहणारं वाक्य क्वचितच सापडतं. दर मात्र साध्या बोटीलाही तोच. ज्या वर्षी बोट घेतली त्या वर्षी ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरली, तर घसारा निम्मा.

आणि थोडी धंद्याला, थोडी घरी अशी बोट असेल तर? कलम ३८ म्हणतं, धंद्याच्या वापराच्या प्रमाणात तेवढाच हिस्सा. इथे ती वही लागते. वही नसेल तर प्रमाण अधिकारी ठरवतो, आणि ते तुमच्या मनासारखं क्वचितच असतं.

"बोटीवर फर्मचं नाव रंगवलंय, ती जाहिरात झाली" असंही मला सांगतात. रंगाचा आणि अक्षरांचा खर्च जाहिरात म्हणून मागा, त्याला मी हरकत घेणार नाही. पण सुटे भाग विकत घेणारे कारखाने रविवारी धरणावर नसतात, त्यामुळे अख्खी बोट जाहिरातीत बसवणं मला पटत नाही, आणि छाननीत ते टिकेल असंही वाटत नाही.

जीएसटीत तर हा फरक खरेदीच्याच दिवशी उघडा पडतो. माणसं वाहून नेण्यासाठी बांधलेल्या फेरीबोटी आणि सहलीच्या बोटींवर ५ टक्के कर आहे. यॉट आणि मौजेच्या, खेळाच्या बोटींवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के, त्याआधी २८ टक्के आणि वर ३ टक्के भरपाई उपकर होता. हा दर बोट कशी बांधली आहे यावर ठरतो. भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे तो कर आपण भरायच्या जीएसटीतून वजा करण्याची सोय, मिळणार की नाही, हे मात्र वापरावर ठरतं. कलम १७(५) नुसार बोटीवरचं क्रेडिट बंद आहे. ते उघडतं फक्त करपात्र प्रवासी किंवा माल वाहतूक, नौका चालवण्याचं प्रशिक्षण, किंवा बोटींचीच विक्री, एवढ्यासाठी. ज्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यामागच्या बोटीवर क्रेडिटही नाही. विमा, सर्व्हिसिंग आणि दुरुस्तीलाही हाच नियम. भोसरीच्या फर्मने आपला नंबर बिलावर टाकला म्हणून पोर्टलवर क्रेडिट दिसेल. दिसलं म्हणून उचलायचं नसतं.

आकडा मांडून बघू. बोट १० लाखांची, त्यावर ४ लाख जीएसटी. क्रेडिट नाही, म्हणून किंमत १४ लाख धरली, तर पूर्ण वर्षाचा २० टक्के घसारा २,८०,००० रुपये. ३० टक्क्यांच्या टप्प्यात, उपकर धरून, वाचणारा कर ८७,३६०. आता तो घसारा नाकारला गेला तर ८७,३६० परत भरायचे, वर व्याज, आणि कलम २७०ए खाली दंड त्या कराच्या निम्मा, म्हणजे ४३,६८०. आणि पुराव्याशिवाय खर्च मागितला असा ठपका आला तर दंड कराच्या दुप्पट : १,७४,७२०. एवढ्यासाठी छोट्या धंदेवाल्याची झोप उडालेली मी पाहिली आहे. म्हणून यात माझा स्वर कडक होतो.

बोट प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर असेल तर गंमत वेगळी. कंपनी ही निराळी व्यक्ती, आणि कंपनी काही सहलीला जात नाही. गुजरात उच्च न्यायालयाने सयाजी आयर्न अँड इंजिनिअरिंग कंपनीच्या प्रकरणात संचालकांनी वापरलेल्या गाड्यांबाबत हेच म्हटलं : कंपनीचा 'वैयक्तिक वापर' असू शकत नाही, म्हणून त्या कारणाने कंपनीचा खर्च कापता येणार नाही. हे वाचून अनेकांना वाट सापडल्यासारखी वाटते. पण तो फायदा मग संचालकाच्या उत्पन्नात धरला जातो. पगारदार संचालकाने कंपनीची वस्तू स्वतःसाठी वापरली, तर १९६२ च्या आयकर नियमांप्रमाणे वर्षाला मूळ किमतीच्या १० टक्के त्याच्या पगारात मिळवायचे. आपल्या बोटीचे १,४०,०००. म्हणजे कर चुकत नाही, एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो.

ज्यांचं विवरणपत्र ४४एडी खाली, ठोक ६ किंवा ८ टक्के नफा दाखवून भरलं जातं, त्यांच्यासाठी हा सगळा काथ्याकूट संपलाच. त्या टक्क्यांत खर्च आणि घसारा आधीच धरलेले असतात, बोटीला वेगळी जागा नाही. ४४एडीए घेणारे डॉक्टर, आर्किटेक्ट यांचंही तसंच.

तरुण मंडळी अमेरिकेतले व्हिडिओ दाखवतात, "तिकडे लोक यॉट राइट-ऑफ करतात." तिकडे करमणुकीच्या साधनांवरचा खर्च कलम २७४ ने आपल्यापेक्षा कडक शब्दांत नाकारलेला आहे, आणि २०१७ च्या सुधारणेनंतर ग्राहकांच्या करमणुकीवरचा खर्चही गेला. भाड्याने चालवली जाणारी बोट तिथेही निराळी धरतात.

भोसरीच्या त्या उद्योजकांना मी विचारलं, बोट कोण वापरणार? ते म्हणाले, "मी, दोन्ही मुलं, कधीतरी भाऊ. एकदा एका ग्राहकाला नेलं होतं." मी म्हटलं, ती एक फेरी सोडून द्या. मग आम्ही ते बिल फाइलमधून बाहेर काढलं. फर्मच्या खात्यातून गेलेले पैसे कीर्दीत 'मालकाची उचल' म्हणून टाकले, घसाऱ्याच्या तक्त्यात बोट घेतली नाही, आणि त्या महिन्याच्या जीएसटी रिटर्नमध्ये ते चार लाख अपात्र क्रेडिट म्हणून दाखवले. ते थोडे हिरमुसले. उठताना विचारलं, "आणि पुढे मुलाने ती पर्यटकांसाठी चालवली तर?" तर परवानगी, बोटीची नोंदणी, विमा आणि तिकीटपुस्तक आधी करायचं, आणि पहिल्या फेरीच्या दिवसापासून वही ठेवायची, असं सांगून मी त्यांना एक कोरी शंभर पानी वही दिली.