शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकासाठीचा चष्मा

सूक्ष्मदर्शकातून मोतीबिंदू, कान किंवा मेंदूची शस्त्रक्रिया करताना सर्जनने चष्मा ठेवावा की काढावा, हे नंबर किती यापेक्षा कोणता यावर ठरते. नेत्रिकेच्या (डोळा लावायच्या भिंगनळीच्या) डायॉप्टर चकतीने, म्हणजे नंबर जुळवायच्या फिरत्या कड्याने, फक्त गोलीय (साधा उणे-अधिक) नंबर भरून निघतो; बऱ्याच यंत्रांत तो उणे ५ ते अधिक ५ असतो. सिलेंडर नंबर, म्हणजे दिशेनुसार बदलणारा नंबर, तिच्या आवाक्याबाहेरचा. तो ०.५० असेल तर निम्मा गोलीय नंबरात मिळवून चालते: उणे ३.०० आणि सिलेंडर उणे ०.५० असल्यास चकती उणे ३.२५ वर. सिलेंडर एकच्या पुढे गेला की चष्मा घालून चकती शून्यावर ठेवणेच बरे. मग नेत्रिकेचे रबरी कप दुमडावे लागतात, नाहीतर डोळा लांब राहतो आणि दृश्याच्या कडा काळ्या पडतात.

चाळिशीनंतर प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर असलेला, इथे त्रासाचा. नेत्रिकेतून येणारे किरण जवळपास समांतर असल्याने डोळा दूरचे पाहतो. जवळचा नंबर मध्ये आला तर सर्जन नकळत हनुवटी हलवतो आणि मान अवघडते. शस्त्रक्रियागृहासाठी दूरच्या नंबरचा साधा चष्मा वेगळा करून घ्यावा. त्यातून जवळचे वाचता येत नाही, म्हणून मोतीबिंदू काढून डोळ्यात बसवायच्या भिंगाची डब्यावरची पॉवर मग सिस्टर वाचतील. तशीही ती मोठ्याने वाचून घ्यायचीच असते.

तरुणांची अडचण उलट. नाशिकला मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे अभ्यासक्रम करणारे निवासी डॉक्टर बहुतेक तिशीच्या आतबाहेरचे. त्यांचा डोळा सहज ताण देऊन धूसर चित्रही स्पष्ट करून घेतो. तासाभराने डोके दुखते, आणि सर्जनला स्पष्ट दिसणारे चित्र कॅमेऱ्यात धूसर येते. म्हणून आधी चकत्या शून्यावर ठेवून सर्वाधिक वर्धनावर (चित्र सर्वांत मोठे करून) सपाट छापील कागद फोकस करावा. मग यंत्र न हलवता वर्धन सर्वांत कमी करून, एकेका डोळ्याची चकती पूर्ण अधिककडे नेऊन सावकाश परत आणावी. अक्षर पहिल्यांदा स्पष्ट झाले की थांबावे. पुढे फिरवले की ताण सुरू. तीनदा करून सरासरी लिहून ठेवावी. दोन नेत्रिकांमधले अंतरही बुबुळांतील अंतराइतके लावावे.

डिसेंबर-जानेवारीत नाशिकची सकाळ गारठलेली असते. थंड काचेवर मास्कमधून वर निसटणारा श्वास लगेच धुके धरतो. मास्कची तार नाकावर दाबून वरच्या कडेला चिकटपट्टी लावली की बहुतेक काम भागते.

लेसर वापरताना सर्जनचे रक्षण यंत्रात बसवलेला फिल्टर करतो. साहाय्यक व सिस्टरना तो लागू नाही. त्यांच्या गॉगलवर त्याच लेसरची तरंगलांबी छापलेली हवी, हिरव्यासाठी ५३२ नॅनोमीटर. काचेचा रंग पाहून गॉगल उचलू नये.