थाई पारंपरिक घर

थाई पारंपरिक घर (रुअन थाई) म्हणजे थायलंडमध्ये जमिनीपासून उंच खांबांवर उभारले जाणारे लाकडी किंवा बांबूचे घर. उत्तर (लान्ना), ईशान्य (इसान), मध्य आणि दक्षिण असे त्याचे चार प्रादेशिक प्रकार मानतात. चाओ फ्राया नदीच्या सखल खोऱ्यातला मध्य प्रकार सर्वांत परिचित आहे आणि ही नोंद मुख्यतः त्याच्याविषयी आहे.

बांधणीवरून घरांचे दोन वर्ग पडतात. बांबूच्या चौकटी वेताने किंवा दोऱ्यांनी बांधून, वर गवत वा झापे शाकारून केलेले ते ‘ख्रुअंग फूक’, म्हणजे बांधलेले घर. नव्याने संसार मांडणाऱ्या जोडप्याला ते पुरे. सागासारख्या कठीण लाकडाचे तासून जोडलेले घर म्हणजे ‘ख्रुअंग साप’. त्यात लोखंडी खिळा नसतो. सांधे खाचांचे आणि लाकडी खुंट्यांचे. भिंती जमिनीवरच चौकटी भरून तयार करतात आणि मग खांबांना लावतात. त्यामुळे अख्खे घर उकलून, होडीतून नेऊन दुसऱ्या काठावर पुन्हा उभे करता येते. घर ही स्थावर मालमत्ता, हा आपला समज इथे थोडा डळमळतो.

छायाचित्रांत भाव खाऊन जाते ते उंच, उतरते छप्पर आणि त्याच्या कडेच्या वळणदार फळ्या. पाऊस झटकन ओघळावा आणि उष्ण हवा वर चढून राहावी, हे त्या उताराचे काम. खांब आणि भिंती आतल्या बाजूला किंचित कललेल्या असतात. पण या घराचा प्राण छपरापेक्षा जमिनीत, खरे तर जमिनींत आहे, कारण तिच्या पातळ्या अनेक. झोपण्याची खोली सर्वांत वर, तिच्यापुढचा छपराखालचा व्हरांडा सुमारे ४० सेंटिमीटर खाली आणि उघडी गच्ची, म्हणजे ‘चान’, तेवढीच आणखी खाली. मधल्या फटीतून खालचा वारा वर येतो. तिला ‘मांजर जाण्याची फट’ म्हणतात. या पायरीवर पाय सोडून बसताही येते. वडीलधारे वर आणि धाकटे खाली, हा मान न सांगता पाळला जातो. भिक्षू आले की त्यांची बैठक सर्वांहून उंच.

एकूण जागेत चानाचा वाटा सुमारे ४० टक्के, व्हरांडा धरला तर ६०. भिंतींच्या आत माणसे मुख्यतः झोपतात, जगणे बाहेर. मिरच्या-मासळी वाळवणे, पोरांचे खेळ, लग्नकार्य सारे चानावर. चानातून कधी एखादे जिवंत झाड वर आलेले असते. लग्नानंतर जावई बहुधा मुलीच्या माहेरी येतो, त्याच चानाला नवे घर जोडले जाते आणि हळूहळू घरांचा पुंजका बनतो. आईवडिलांचे घर बऱ्याचदा धाकट्या मुलीकडे जाते. स्वयंपाकघर वेगळे असते आणि धूर जावा म्हणून त्याच्या छपराच्या त्रिकोणात उगवत्या सूर्याच्या किरणांसारख्या पट्ट्या बसवतात.

घराखालची मोकळी जागा म्हणजे ‘ताय थुन’. पुराचे पाणी तिथून वाहून जाते; कोरड्या दिवसांत तिथे माग, नांगर, होडी आणि गुरे असतात, शिवाय दुपारची डुलकीही तिथेच.

मापे अंगाची: ख्युप, सोक आणि वा, म्हणजे वीत, हात आणि वाव (दोन्ही हात पसरल्यावरची लांबी). वा आज नेमका दोन मीटरचा असून जमिनीचे व्यवहार अजून चौरस वा-त होतात. पहिला खांब ‘साओ एक’. यातला ‘एक’ संस्कृत-पालीतून आलेला. तो पूजा करून, कापड गुंडाळून उभारतात. पश्चिमेला डोके करून झोपत नाहीत, उंबरठ्यावर पाय देत नाहीत. अंगणात जागेच्या रक्षक देवतेचे छोटे घर असते, ‘सान फ्रा फूम’; त्यातली ‘फूम’ म्हणजे भूमी.

उत्तरेत छपराच्या टोकाशी ‘कालॅ’ नावाच्या कोरीव फळ्या एकमेकींना छेदतात आणि भिंती बाहेर झुकतात. दक्षिणेत जमीन दमट असल्याने खांब पुरण्याऐवजी दगडी वा सिमेंटच्या पायांवर ठेवतात.

उकलता येण्याच्या गुणामुळेच काही जुनी घरे बँकॉकमध्ये तगली. १८४८ साली चिआंग माई येथे बांधलेले खामथिअंग घर आता बँकॉकमधल्या सयाम सोसायटी या अभ्यासकांच्या संस्थेच्या आवारात आहे. रेशीमव्यापारी जिम थॉम्पसन यांनी सहा जुनी घरे जोडून १९५९ मध्ये आपले निवासस्थान उभारले आणि काही भिंती उलट्या लावल्या, म्हणजे बाहेरचे काम आत दिसावे. पाहायला सुंदर, पण वापराच्या दृष्टीने ते थाई घर राहिलेले नाही.

१९८८ च्या दक्षिणेतील पुरानंतर १९८९ मध्ये नैसर्गिक जंगलांतील व्यापारी तोडीवर बंदी आली आणि सागाचे नवे घर श्रीमंतांपुरते उरले. गावोगावी ताय थुन विटांनी बंद करून तिथे खोल्या काढल्या गेल्या. २०११ च्या महापुरात चाओ फ्रायाचे पाणी अशा तळमजल्यांत शिरले.